ईरप्पांचा हलगर्जीपणा

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

सोलापूरच्या नेमानं पाच दिवसांनी पाणी आलं. टाकी, दोन पिंपं, स्वयंपाकघरातली कळशी, सगळं भरून तुरटी फिरवली. हात चालूच आहे तर गाडीचंही पाणी बघून घ्यावं म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं, आणि बघते तर आत हिरवंगार! पिंपात पाणी आठवडाभर राहिलं की कडेनं हिरवं धरतं, अगदी तसं.

दिवाळीच्या आधी गाडी ईरप्पांकडे सर्व्हिसिंगला होती. भवानी पेठेत त्यांचं गॅरेज आहे आणि पंचवीस वर्षं ही गाडी तेच बघतात. पंचवीस वर्षांनी माणूस ढिला पडतो. रेडिएटरमध्ये शेवाळ होईपर्यंत पाणी बदललं नाही, आणि बिलात मात्र ‘फुल सर्व्हिसिंग’.

गोणपाट टाकून खाली बसले आणि रेडिएटरची खालची तोटी सोडली. ती कुठे असते ते वेणीमाधवांनी दाखवून ठेवलं होतं. (नवऱ्याचं नाव घेते म्हणून सासूबाई शेवटपर्यंत नाराज होत्या. दैनंदिनीत त्या येत नाहीत.) तीनदा पाणी भरून सोडलं, तेव्हा स्वच्छ आलं. मग आजचं ताजं पाणी भरलं आणि त्यातही तुरटी फिरवली. माणसाला चालते, तर गाडीला काय धाड भरली आहे?

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी हे सगळं एकटीनं केलं. शेजारची कमलम्मा गॅलरीतून बघत होती. म्हणाली, “दुर्गाक्का, गाडीखाली काय हरवलं की काय?”

म्हटलं, “हो. ईरप्पांची लाज.”

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पाण्याचा दिवस. रेडिएटरच्या तोंडातून तुरटीचा खडा धरून फिरवता येत नाही, बोटं अडकतात. म्हणून एक खडा रुमालात बांधला, दोऱ्यानं आत सोडला आणि चहाच्या पुडीसारखा वरखाली करत राहिले. दोरा सुटला. पोटली आत गेली.

चिमट्यानं प्रयत्न केला, निघाली नाही. बिघडत काही नाही; खडा विरघळेल, पाणी निवळेल. हळहळ फक्त रुमालाची वाटते. शाळेत सिस्टर ॲग्नेस यांनी बारा रुमालांच्या कोपऱ्यावर आमच्याकडून नावाचं पहिलं अक्षर भरून घेतलं होतं. माझ्या ‘डी’चं पोट त्यांनी चार वेळा उसवायला लावलं. पंचावन्न वर्षं बाराच्या बारा टिकले होते. आता अकरा.

२२ डिसेंबर, रविवार

सुबोध पुण्याहून आला होता, आज गेला. येण्याचं कारण म्हणे ‘सहज’. खरं कारण सोसायटीचं गेट. परवा गाडी आत घेताना डावा दिवा गेटला लागला. गेट अर्धवट उघडं होतं, हे मी वॉचमनकडून लिहून घेतलं आहे. तरी कोणीतरी फोटो काढून सुबोधला पाठवला. कोणीतरी म्हणजे कमलम्मा.

मी सरकारी विमा कंपनीत मोटार दाव्यांच्या विभागात तेहतीस वर्षं काढली. माझ्या टेबलावर आलेल्या कागदातून खोटं सुटलं नाही. ‘विमाधारकाचा हलगर्जीपणा, दावा नामंजूर’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी त्याचा शिक्का करून घ्यावा असं साहेब म्हणायचे. आणि माझाच मुलगा माझ्यापुढे बसून मला सांगतो, “आई, वय झालं की अंदाज चुकतो गं.”

अंदाज गेटचा चुकला.

गाडी गेली की पुढचं मला पाठ आहे. आधी “रिक्षानं जात जा”, मग “एकटी तिथे काय करतेस”, आणि मग पुण्याचा अकरावा मजला. तिथली एक खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली आहे. फिकट जांभळी. मला विचारलं नव्हतं. ही गाडी मार्च २००० मध्ये मी माझ्या पगारातून घेतली, वेणीमाधवांनी फक्त हार घातला. सकाळी सातला काच खाली करून तलावाला एक चक्कर मारते, मग भाजी, मग वाचनालय. कोणाची वाट बघायची नाही, कोणाला “जरा सोडता का” म्हणायचं नाही. आयुष्यात मला एवढंच हवं आहे, आणि तेवढं मिळालेलं आहे.

शेवटी तह झाला. सुबोधनं घातलेली अट त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवते, कारण तोंडी करारातही शब्द नेमके हवेत: “यापुढे तुझ्या चुकीनं गाडीला काही झालं, तर चावी तुझ्याकडे राहणार नाही.” त्याला ते दोनदा म्हणायला लावलं. तो हसला. विमा घेताना सगळेच हसतात.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

गाडी शीळ घालते आहे.

आठवडाभर मी कानावर शंका घेतली. आज खात्री झाली. इंजिनातून बारीक सूं असा आवाज येतो, सिग्नलला उभी असताना गाडी आपोआप जोरात घुमते, आणि सकाळी सुरू केल्यावर मागून पांढरी वाफ. रेडिएटरमध्ये रोज तांब्याभर पाणी कमी होतं. खाली एक थेंब सांडलेला नाही. मग पाणी जातं कुठे? रोज भरते आहे, अर्थात तुरटी फिरवलेलंच.

पाच मार्चला आर.टी.ओ.ची तपासणी आहे. पंचवीस वर्षं पूर्ण होतात. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही तर भंगार.

११ जानेवारी, शनिवार

ईरप्पांकडे गेले. त्यांचं गॅरेज म्हणजे जुन्या यंत्रमागाची शेड आहे, आणि शेजारचे माग अजून चालू असल्यामुळे तिथे ओरडूनच बोलावं लागतं. मला त्याचा त्रास होत नाही.

त्यांनी लांब पेचकसाचं एक टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

“हवा घेतंय, बाई. इंटेक मॅनिफोल्ड गेलं.”

मॅनिफोल्ड म्हणजे काय ते मला माहीत आहे, दाव्यांत यायचं. कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल इंजिनाच्या तीन सिलिंडरांत नेणारी तीन बोटांची ओतीव नळी. ॲल्युमिनियमची असते. तिच्या पोटाखालून रेडिएटरचं गरम पाणी फिरतं. ईरप्पांनी ती उतरवून माझ्यासमोर धरली. हवेची वाट आणि पाण्याची वाट यांच्यामधली भिंत वाळवी लागल्यासारखी खाल्लेली होती. पाणी तिथून थेट इंजिनात जात होतं आणि वाफ होऊन बाहेर पडत होतं. त्यांनी आत अंगठा फिरवला. अंगठ्याला दह्याच्या साक्यासारखं पांढरं काहीतरी लागलं.

“बाई, कूलंट कुटं गेलं?”

“कसलं कूलंट?”

“हिरवं पाणी व्हतं की आत. दिवाळीला मीच भरलं.”

म्हणजे ते हिरवं यांनी भरलं होतं! आणि यंदाच नव्हे, पंचवीस वर्षं भरत आले आहेत म्हणे. वेणीमाधवांना माहीत होतं. मालकीण मी, आणि माहीत वेणीमाधवांना! मी सांगितलं की ते मी काढून टाकलं आणि स्वच्छ पाणी भरलं, आणि गाडी स्वच्छ ठेवणं हा गुन्हा असेल तर तसं लेखी द्या.

ईरप्पा नळी उलटसुलट करत राहिले. “नुसत्या पाण्यानं दोन म्हैन्यात एवढं खात न्हाय, बाई. पाण्यात काय टाकलं व्हतं का?”

“पाण्यात काय टाकणार? पाणीच.”

“न्हाय, कायतरी औशीद, सोडा…”

“ईरप्पा, मी विमा कंपनीत होते. गाडीत सोडा घालणारी बाई दिसते का मी?”

ते गप्प झाले. चौकशीत ज्या क्षणी माणूस गप्प होतो, त्या क्षणाची मी नोंद ठेवते. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

१३ जानेवारी, सोमवार

ईरप्पा घरी आले. निमित्त: नळी वेल्डिंगला देऊ का हे विचारणं. फोनवर विचारता आलं असतं. म्हणजे माझा अंदाज घ्यायला आले होते.

पाणी मागितलं. मी कळशीतून दिलं, पेल्याखाली रुमाल अंथरून, आमच्याकडे तशी पद्धत आहे. ते पाणी पिताना कळशीशेजारच्या तुरटीच्या खड्याकडे इतका वेळ बघत होते की मला वाटलं, हवाय की काय.

“तुरटी लई वापरता, बाई.”

“सोलापुरात कोण वापरत नाही?”

“व्हय. तेबी खरं.” मग रुमाल उचलून कोपऱ्यावर बोट फिरवलं. “ही नक्षी तुमीच काढलीय?”

नक्षी नव्हे, अक्षर आहे, हे समजावून सांगितलं. असे बारा होते हेही सांगितलं. त्यांनी घडी पुन्हा नीट घातली. माणूस कामात कच्चा असला तरी नजर आहे.

“मग नळी कशानं खराब झाली, ते ठरलं का?” मी विचारलं.

“जुनी व्हती, बाई,” म्हणाले, आणि चप्पल घालून निघून गेले. परवा म्हणत होते दोन महिन्यांत खाल्ली, आज म्हणतात जुनी होती. जबाब बदलला. माझ्या हाताखालच्या नव्या पोरींना मी हेच शिकवायचे: जबाब बदलणारा माणूस काहीतरी झाकत असतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

गड्ड्याच्या यात्रेमुळे चार दिवस सगळं बंद. आज वेल्डिंग झालं आणि लगेच फुटलं. ईरप्पा म्हणाले, “धातूच पापडावानी झालाय, टाका धरतच न्हाय.” या मॉडेलची नवी नळी आता मिळत नाही. दुसरी जुनी शोधावी लागेल.

रिक्षानं घरी आले. रिक्षावाला सात रस्ता चौकापर्यंत मला ‘आजी’ म्हणत होता. तिथून पुढे ‘मॅडम’.

२० जानेवारी, सोमवार

कबुलीजबाब मिळाला!

मी गॅरेजमध्ये असतानाच ईरप्पांच्या फोनवर सुबोधचा फोन आला. मागांच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून त्यांनी स्पीकर लावला. माझ्या मुलानं मला न विचारता माझ्या मेकॅनिकला फोन करावा, हा वेगळा विषय. त्यानं सरळ विचारलं, “ईरप्पाकाका, खरं सांगा. आईकडून काही झालं का?”

ईरप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. “न्हाय सायेब. चूक माझी हाय. दिवाळीला बोल्ट जास्ती आवळला. मॅनिफोल्डला भेग पडली, तितनं पाणी शिरलं, खात गेलं.”

“नक्की?”

“नक्की की. बाईंचा काय संबंध?”

तेहतीस वर्षांत इतक्या सहज चूक कबूल करणारा माणूस मी पाहिला नाही. ट्रकखाली स्कूटर घालून वर ‘ट्रक मागे आला’ म्हणणारे पाहिले. याचा अर्थ माझ्या प्रश्नांनी ते आतून मोडले होते. घरी येताना मन हलकं होतं. चावी माझ्याकडेच राहील.

२१ जानेवारी, मंगळवार

सोसायटीच्या फलकावर सूचना लावली. स्वच्छ अक्षरात, शाईनं:

‘सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, भवानी पेठेतील मेकॅनिक श्री. ईरप्पा यांच्या हलगर्जीपणामुळे माझ्या गाडीचे मॅनिफोल्ड निकामी झाले असून त्यांनी तसे मान्य केले आहे. आपली वाहने तेथे देताना विचार करावा. — दुर्गा वेणीमाधव, निवृत्त अधिकारी, मोटार दावे.’

राग म्हणून नाही. नागरिकाचं कर्तव्य म्हणून. आमच्या सोसायटीतल्या नऊ गाड्या त्यांच्याकडे जातात, आणि त्या सगळ्या माझ्याच शिफारशीवर गेलेल्या. शिफारस करणारीनं ती मागे घ्यायलाही हवी.

कमलम्मा म्हणाली, “अय्यो, एवढा भला माणूस! आमच्या शिवयोगीला आजच सांगते, गाडी दुसरीकडं टाक म्हणून.” भला माणूस म्हणते आणि गाडीही काढून घेते. कमलम्माचं सगळं असंच असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

मॅनिफोल्ड मिळालं. मोडनिंबला हमरस्त्यालगतच्या भंगारवाल्याकडे अपघातातली एक गाडी होती, तिचं. ईरप्पा मोटारसायकलवरून जाऊन घेऊन आले. तिथे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, आणि त्यांचा गुडघा दुखतो. गॅरेजमध्ये लंगडत होते. सहानुभूती मिळवायची जुनी पद्धत आहे, आमच्या ऑफिसात पंच्याहत्तर टक्के लोक लंगडत यायचे.

त्याची जोडाची बाजू घासून सपाट केली, नवं गॅस्केट घातलं, एकेक बोल्ट आडवा-उभा थोडाथोडा आवळला. बोल्ट आवळण्यात त्यांची पद्धत इतकी नेमकी आहे, मग दिवाळीतच कसा जास्त आवळला, हे मला कळत नाही. वयच झालं असणार. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत.

हिरवं पाणी भरलं. यावेळी मी बघत उभी राहिले. “बाई, ह्यात आता कायबी घालायचं न्हाय. कायबी म्हंजे कायबी,” ते म्हणाले. स्वतःची चूक झाल्यावर लोक दुसऱ्याला सूचना देतात.

मजुरी घेतली नाही. अपराधी माणूस कोणत्या तोंडानं घेणार?

शीळ बंद आहे. सिग्नलला गाडी इतकी शांत उभी राहिली की बंद पडली असं वाटून मी चावी फिरवली.

५ मार्च, बुधवार

पास! आणखी पाच वर्षं. तपासणीच्या साहेबानं बॉनेट उघडून म्हटलं, “गाडी छान ठेवलीय की, मॅडम.” मी म्हटलं, “ठेवावीच लागते, इतरांवर सोडून चालत नाही.”

सुबोधला कळवलं. “अरे वा,” म्हणाला. जांभळ्या खोलीचं नाव काढलं नाही.

८ मार्च, शनिवार

एक गोष्ट खटकत होती. बदललेला जुना भाग ईरप्पा नेहमी वर्तमानपत्रात गुंडाळून परत देतात. प्लग असो, पट्टा असो. “तुमचा माल तुमाला,” म्हणतात. घरी माळ्यावर अशा पुड्यांचा ढीग आहे. मॅनिफोल्ड मात्र त्यांनी दिलं नाही. दोनदा मागितलं, तर एकदा “शोधतो” आणि एकदा “भंगारात गेलं वाटतं”. पुराव्याची वस्तू गहाळ करणं हा माझ्या क्षेत्रात स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून आज न सांगता गेले.

ते चहाला गेले होते. एरवी दारात गाड्या मावत नाहीत. आज एक स्कूटर होती. कोपऱ्यात त्यांची पत्र्याची पेटी आहे, तिला कुलूप नसतं. उघडली.

वर्तमानपत्राच्या पुडीत मॅनिफोल्ड होतं. त्याच्यावर वेगळ्या कागदात आणखी एक लहान पुडी. तीत माझा रुमाल.

धुतलेला. चार घड्या घातलेला, अक्षर वर येईल असा. कापड पिवळं पडलं आहे आणि ‘डी’चं पोट विरून गेलं आहे.

पेटी होती तशी लावली आणि घरी आले.

नोव्हेंबरची पानं काढून वाचली. अक्षर माझंच आहे.

९ मार्च, रविवार

काही लिहायचं नाही.

११ मार्च, मंगळवार

गेले. रुमालाची पुडी पेटीतून मीच काढली आणि त्यांच्या हातपुसण्याच्या फडक्यावर ठेवली. ईरप्पांनी बघितलं, आणि शेजारच्या मागवाल्याला “जरा थांबव की रं दोन मिंटं” म्हणून ओरडले. माग थांबले. त्या शांततेत मला बोलता येईना, हे लिहून ठेवते.

“रेडिएटर धुताना गावली,” तेच म्हणाले. “वरच्या टाकीत अडकली व्हती. आत खड्याचा चुरा शिल्लक व्हता.”

“तुरटीनं?”

“तुरटी ॲल्युमिनियमला खाती, बाई. तुमी तर दर पाण्याला घालत व्हता, असं दिसतंय.”

गेल्या वर्षी माझं ॲल्युमिनियमचं पातेलं गळायला लागलं म्हणून मी भांडेवाल्याला त्याच्याच दुकानात सुनावलं होतं. त्याचाही दावा फेरतपासणीला घ्यावा लागणार.

“तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नव्हते,” मी म्हटलं.

“म्हाईत हाय की. आपल्याकडं तुरटी पाण्यातच धरतेत. कोण म्हणंल टाकली म्हणून?”

“मग सुबोधला खोटं का सांगितलंत?”

त्यांनी हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. “त्या फोनच्या आदल्या दिवशी त्येंचा आणिक एक फोन आलता. म्हणले, काका, आईची चूक निघाली तर मला सांगा, मी चावी काढून घेतो, आन् आईला घेऊनच जातो. दुसऱ्या दिशी तुमी समोर हुबा, आन् फोन वाजला. काय सांगू?”

“खरं सांगायचं.”

“आन् तुमी गेल्यावर मला शिव्या कोण देणार, बाई? पेठेत समदे ग्वाड बोलतेत, आन् गाडी दुसरीकडं नेतेत.”

मी विचारलं, “सोसायटीतल्या किती राहिल्या?”

“एक.”

ती माझी.

“फलकावर लावलेलं तुम्हाला कळलं होतं?”

“वाचून आलो की. अक्षर लई झ्याक हाय तुमचं.”

मला संताप आला, आणि अजून आहे. माझ्या चुकीवर माझा हक्क होता. ती परस्पर उचलून स्वतःच्या नावावर लावायची त्यांना काय गरज? तसं मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे की बाई. झालं गेलं. पाच वर्सं हातात हायती, फिरवा गाडी.”

ते पुन्हा मागवाल्याला ओरडले आणि माग सुरू झाले. बरं झालं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी सातला तलावाला चक्कर मारली. दोन मारल्या. मग घरी येऊन शाई काढली.

राहू द्यायला काहीच हरकत नव्हती, हेही लिहून ठेवते. कोणाला कळलं नसतं. ईरप्पा बोलले नसते, रुमाल बोलला नसता. कमलम्माला पंधरा दिवसांत विसर पडला असता. मी गप्प राहिले असते तर पाच वर्षं गाडी माझी होती. गप्प राहणाऱ्या माणसांचे जबाब मी तेहतीस वर्षं वाचले आहेत. त्यांचं अक्षर नेहमी थोडं लहान येतं.

फलकावर:

‘दि. २१ जानेवारीची सूचना रद्द समजावी. माझ्या गाडीचे मॅनिफोल्ड, मी स्वतः रेडिएटरमध्ये तुरटी घातल्याने निकामी झाले. श्री. ईरप्पा यांचा त्यात काडीमात्र दोष नाही. त्यांनी तो माझ्यासाठी स्वतःवर घेतला. वाहने त्यांच्याकडेच द्यावीत. — दुर्गा वेणीमाधव.’

हुद्दा लिहिला नाही.

कमलम्मा चष्मा आणायला गेली, परत आली, दोनदा वाचलं. “दुर्गाक्का, गाडीला तुरटी?”

“हो.”

“का?”

“पाणी निवळायला.”

तिनं विचार केला. “निवळलं का?”

“कमलम्मा, शिवयोगीला सांग, गाडी ईरप्पांकडे परत नेऊन टाक म्हणून. आज. मी खालीच बसले आहे, निघताना दिसला पाहिजे.”

मग सुबोधला फोन केला आणि सगळं सांगितलं, गोणपाटापासून रुमालापर्यंत. मला वाटलं, तो हसत असेल. नव्हता.

“मग आता ठरल्याप्रमाणे, आई?” त्याचा आवाज लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना यायचा तसा आला.

“ठरल्याप्रमाणे.”

“चावी कोणाकडे तरी देऊन ठेव. रविवारी येतो.”

१३ मार्च, गुरुवार

चावी दिली. कोणाकडे द्यायची याचा फार विचार करावा लागला नाही. ईरप्पांनी घेतली नाही; मीच त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि गाडी तिथेच ठेवून रिक्षानं आले. रिक्षावाला ‘आजी’ म्हणाला. म्हणू दिलं.

१६ मार्च, रविवार

सुबोध आला. येताना पुण्याहून रिकामी मोठी बॅग आणली होती. माझ्यासाठी. बॅगेकडे बघून मी चहा टाकला आणि दैनंदिनीचं बावीस डिसेंबरचं पान त्याच्यापुढे ठेवलं.

“वाच.”

“‘तुझ्या चुकीनं गाडीला काही झालं, तर चावी तुझ्याकडे राहणार नाही.’ बरोबर. मग?”

“चावी माझ्याकडे आहे का?”

“नाही. ईरप्पाकाकांकडे.”

“अट पाळली गेली?”

“पाळली गेली, पण—”

“यात गाडी विकणे असं कुठे लिहिलं आहे? दुर्गाबाईंनी गाडी चालवू नये, असं? पुण्याला जाणे? दोनदा म्हणायला लावलं होतं मी. सुधारायला संधी दिली होती.”

त्यानं डोक्याला हात लावला. वेणीमाधव लावायचे तसाच. “आई, म्हणजे तू रोज भवानी पेठेत जाऊन चावी मागणार?”

मागणं मला येत नाही, हे खरं आहे. या कलमावर मीही रात्रभर अडले होते. “मागेन,” म्हटलं.

मग तो ईरप्पांना भेटायला गेला. मी गेले नाही. तासाभरानं परत आला तेव्हा त्याच्या बोटांना ग्रीस लागलेलं होतं आणि एक पोटकलम वाढलं होतं: रोज चावी देण्याआधी ईरप्पा बॉनेट उघडून पाणी बघतील, आणि त्यांना योग्य वाटलं नाही तर त्या दिवशी चावी मिळणार नाही. कारण सांगायला ते बांधील नाहीत.

असलं एकतर्फी कलम मी कोणत्याही विमापत्रात पाहिलेलं नाही. सही केली.

बॅग इथेच ठेवून गेला. तिच्यात माळ्यावरच्या पुड्या भरल्या.

३१ मार्च, सोमवार

सोसायटीतल्या सात गाड्या परत गेल्या. राहिलेल्या दोघांशी मी बोलते आहे. ते मला बघून जिन्यानं जाऊ लागले आहेत.

रोज सकाळी पावणेसातला घरून चालत निघते. ईरप्पा शटर वर करतात, बॉनेट उघडतात, हिरवं पाणी बघतात. मी उभी असते. चावीच्या शेजारच्या खिळ्याला त्यांनी ते खाल्लेलं मॅनिफोल्ड टांगलं आहे. गिऱ्हाइकांना दाखवायला, म्हणतात. कोणाचं आहे ते सांगत नाहीत. मी सांगते.

आज त्यांनी खिळ्यावरून चावी काढली आणि मला देता देता ते थांबले.

“बाई, पिशवीत काय हाय?”

“भाजीची पिशवी आहे ती.”

“भाजी आजून घ्यायचीय की. आत जड काय दिसतंय?”

पाण्याचा दिवस होता आणि घरातली संपली होती, म्हणून वाटेत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून घेतली होती. पाव किलो. घरच्या पिंपांसाठी. पंचवीस वर्षं मालकीण असलेल्या, तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या उघडायला लावलेल्या बाईला भर पेठेत पिशवी उघडून दाखवावी लागली.

ईरप्पांनी खडा काढून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पेटीत ठेवला.

“चावी परत द्याल तवा न्या,” म्हणाले. “तुमचा माल तुमाला.”